आकाशातील अंतर आणि माणसाचे अवधान

आकाश मोकळे असते, हा समज जमिनीवरून वर पाहणाऱ्यांचा आहे. विमानांच्या दृष्टीने त्यात आखलेले रस्ते आहेत आणि त्या रस्त्यांना मजलेही आहेत. एका मजल्यावरून दुसरा सामान्यतः एक हजार फुटांवर. एकाच मजल्यावरून जाणाऱ्या दोन विमानांत, रडारची नजर पोहोचते तेथे, साधारणपणे पाच सागरी मैलांचे, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरांचे अंतर राहिले पाहिजे. विमानतळाजवळ ते तीन मैलांवर आणता येते. उभे किंवा आडवे, ह्यांपैकी कोणते तरी एक अंतर प्रत्येक क्षणी शाबूत असावे, एवढाच हा सारा नियम.

सव्वानऊ किलोमीटर म्हणजे चालणाऱ्याची दोन तासांची वाट. परंतु समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांचा एकत्रित वेग ताशी सतराशे किलोमीटर धरला, तर ती वाट वीस सेकंदांत संपते.

आगगाडीचे उदाहरण घेऊ. पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याखेरीज स्टेशनमास्तर गाडी सोडीत नाही. गाडी सिग्नलपाशी उभी राहते, उतारू कुरकुरतात, पण गाडी सुरक्षित असते. विमानाला असे उभे करता येत नाही. फार तर घिरट्या घालावयास लावता येते. म्हणजे थांबवावयाचे तरी त्याला चालतेच ठेवावे लागते! म्हणून नियंत्रकाचे खरे काम आता काय चालले आहे हे पाहण्याचे नसून, आणखी पाच-दहा मिनिटांनी काय होईल हे पाहण्याचे असते. पडद्यावर दिसतात ते नुसते ठिपके व आकडे. त्यांवरून कोण चढतो आहे, कोण उतरतो आहे, कोणाची वाट कोणाला छेदणार, ह्याचे एक चालते चित्र त्याला मनात धरावे लागते. ते एकदा विसकटले की पुन्हा जुळविण्यास वेळ लागतो, आणि विमाने तेवढा वेळ देत नाहीत.

साहजिकच आपण म्हणू, विमाने जितकी जास्त तितका भार जास्त. हे खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदीत असल्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एकीवरून तासाला चाळीसहून अधिक विमाने चढतात-उतरतात. तरी ते काम पार पडते, कारण तेथे कामाची वाटणी आहे: जमिनीवरचे एकाकडे, धावपट्टी दुसऱ्याकडे, येणारी विमाने तिसऱ्याकडे. शिवाय गर्दी वाढली की अनुभवी नियंत्रक आपली रीतच बदलतो. स्पेरांदिओ ह्या फ्रेंच अभ्यासकाने १९७१ साली हे दाखवून दिले. विमाने थोडी असतात तेव्हा नियंत्रक प्रत्येकाला सोयीची वाट काढून देतो. ती वाढली की सर्वांना एका ठरीव वाटेने रांगेत लावतो. पंगतीत वाढपी आग्रह सोडून भराभर वाढीत सुटतो, तसेच हे.

भाराचा खरा विचार करावयाचा तर १ जुलै २००२ ची रात्र पाहावी लागते. दक्षिण जर्मनीतील युबरलिंगेन गावावरचे आकाश तेव्हा स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या केंद्राकडे होते. रात्रपाळीला दोन नियंत्रक. रहदारी तुरळक, म्हणून एकजण विश्रांतीला गेला. ही तेथील जुनी वहिवाट होती व वरिष्ठांना ती ठाऊक होती. राहिलेल्या एकाकडे दोन पडदे आणि दोन निरनिराळ्या रेडिओ लहरी आल्या. त्यातच उशिरा आलेले एक विमान फ्रीडरिक्सहाफेनला उतरावयाचे होते. त्या विमानतळाशी बोलण्यासाठी त्याने दूरध्वनी उचलला, तर तो लागेना. यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी मुख्य वाहिनी बंद होती आणि पर्यायी वाहिनी नादुरुस्त. त्याच दुरुस्तीमुळे धडकेची पूर्वसूचना पडद्यावर उमटणेही बंद होते.

तेवढ्यात छत्तीस हजार फुटांवर दोन विमाने एकमेकांच्या वाटेवर आली. एक बाश्कोर्तोस्तानमधील मुलांना स्पेनला नेणारे तुपोलेव्ह, दुसरे दोन वैमानिकांचे मालवाहू बोइंग. जर्मनीतील कार्ल्सरूहेच्या नियंत्रकांना आपल्या पडद्यावर धोका दिसत होता. ते झुरिकला पुनःपुन्हा दूरध्वनी करीत होते, आणि तो लागत नव्हता. इकडे नियंत्रकाचे लक्ष गेले तेव्हा धडकेला सुमारे पाऊण मिनिट उरले होते. त्याने तुपोलेव्हला खाली उतरण्यास सांगितले. काही सेकंदांतच विमानातील धडक टाळणाऱ्या यंत्राने तुपोलेव्हला वर चढण्यास व बोइंगला खाली जाण्यास सांगितले. तुपोलेव्हच्या वैमानिकांनी माणसाचे ऐकले, बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचे. दोन्ही विमाने खाली आली. एकाहत्तर माणसे गेली. त्यांत बहुतेक शाळकरी मुले.

आता ह्या रात्री भार कोठे होता? विमाने तर मोजकीच होती. भार होता तो दोन पडद्यांमध्ये विभागलेल्या एका लक्षाचा आणि न लागणाऱ्या दूरध्वनीचा. शेजारी दुसरा माणूस असता तर त्याने कदाचित एवढेच म्हटले असते, "तिकडे बघ." आमच्या मते ह्या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाची जागा त्या रिकाम्या दिसणाऱ्या माणसाची आहे. हिशेबाच्या वहीत मात्र तो नेहमीच महाग दिसतो, आणि काटकसरीची पहिली कात्री त्याच्यावर चालते. तीही शांत पाळीत, जेव्हा ती योग्यच वाटते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. तेथे नियंत्रक दक्ष होता. सौदी विमानाला चौदा हजार फूट व कझाक विमानाला पंधरा हजार फूट अशी उंची त्याने नेमून दिली होती, समोरून विमान येत असल्याचेही कळविले होते. कझाक विमान नेमल्या उंचीखाली आले. पण दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर उंची दिसतच नसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची वाट एकच होती. पुढे वाटा वेगळ्या केल्या गेल्या, उंची दाखविणारे रडार आले, आणि धडक टाळणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले. ते यंत्र आणि नियंत्रक ह्यांच्यात मतभेद झाल्यास यंत्राचे ऐकावे, हे मात्र युबरलिंगेननंतरच जगभर निःसंदिग्धपणे ठरले.

झुरिकच्या त्या नियंत्रकाची २००४ साली हत्या झाली; अपघातात बायको व दोन मुले गमावलेल्या एका पित्याने ती केली. २००७ साली स्विस न्यायालयाने ज्या चौघांना दोषी धरले, ते मात्र त्या केंद्राच्या व्यवस्थापनातील मधल्या फळीचे अधिकारी होते.