मावशीच्या वाटेनं

इंग्रजीत 'कझिन' म्हटलं की काम भागतं. मराठीत लगेच पुढचा प्रश्न येतो: चुलत, मामे, मावस की आते? नळीत थुंकी भरून पाठवायची जी डीएनए चाचणी हल्ली घराण्याचा शोध घेणारी मंडळी करतात, ती वरवर पाहता इंग्रजीच्या पक्षातली वाटते. या चारही भावांशी तुमचा डीएनए सरासरी साडेबारा टक्के जुळतो, म्हणजे रुपयात दोन आणे. अहवालात चौघेही एकाच रकान्यात.

पण डीएनएचे दोन कोपरे असे आहेत की तिथं चक्क मराठी चालते.

पहिला कोपरा 'वाय' गुणसूत्राचा. ते फक्त बापाकडून मुलाला मिळतं आणि त्याचा बहुतेक भाग पिढ्यान् पिढ्या जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. दुसरा कोपरा पेशीच्या केंद्रकाबाहेर, तंतुकणिकांमध्ये आहे. त्यांचा स्वतःचा चिमुकला डीएनए असतो. केंद्रकातल्या सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या पोथीसमोर हा अवघा 16,569 अक्षरांचा चिटोरा. तो आई सगळ्या मुलांना देते, मुलगा आणि मुलगी दोघांनाही. पुढे मात्र तो फक्त मुलगीच नेते.

आता भावांकडे वळू. चुलतभावाचं आणि माझं 'वाय' एकच, कारण आमचे बाप सख्खे भाऊ. मावसभावाचा आणि माझा चिटोरा एकच, कारण आमच्या आया सख्ख्या बहिणी. मामेभाऊ आणि आतेभाऊ यांच्याशी मात्र यातलं काहीच जुळत नाही. आणि आपल्याकडची जुनी रीत काय सांगते? मामाची मुलगी करणं अनेक मराठी जातींत, आत्याची मुलगी करणं काही जातींत चालत आलं, चुलत-मावस भावंडांत लग्न म्हणजे मात्र अब्रह्मण्यम्! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कागदावर चार-चारदा रेघा ओढून खात्री केली. आज्यांना गुणसूत्रं ठाऊक नव्हती, त्यांनी घराणं आणि कूस मोजली होती. (म्हणून मामेबहिणीशी लग्न 'शास्त्रीय' ठरत नाही. ते दोन आणे तिथंही जुळतातच. उलट अशी लग्नं पिढ्यान् पिढ्या झालेल्या घराण्यांत दोन माणसं अहवालात असतात त्यापेक्षा जवळची नातलग दिसतात.)

लेखी वंशावळ यातली एकच वाट चालते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या की आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा ओळीनं भेटतात. पणजीची आई कोण, हे विचारलं तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. लग्न झालं, नाव बदललं, वही बदलली. युरोपातही हीच तऱ्हा. म्हणूनच 2012 मध्ये इंग्लंडातल्या लेस्टर गावी जे घडलं ते मला इतकं विलक्षण वाटतं.

तिथं नगर परिषदेच्या वाहनतळाखाली एक सांगाडा निघाला. पाठीचा कणा वाकलेला, कवटीवर शस्त्रांच्या खुणा. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत बत्तिसाव्या वर्षी मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड असावा, असा तर्क होता. पण सिद्ध कसं करायचं? रिचर्डचा वंश खुंटलेला. त्याच्या तंतुकणिका त्याच्याबरोबरच मातीत गेल्या. मात्र तोच चिटोरा त्याच्या आईनं त्याच्या थोरल्या बहिणीलाही, अ‍ॅनलाही, दिला होता. अ‍ॅनची मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी असा माग काढणं म्हणजे दर पिढीला नवं आडनाव, नवं गाव. जॉन अ‍ॅशडाउन-हिल या इतिहासकारानं सांगाडा सापडण्याच्या कितीतरी आधीच हा माग काढून ठेवला होता. तो कॅनडातल्या एका बाईपाशी पोहोचला. तिचा मुलगा लंडनमध्ये सुतारकाम करत होता.

लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगाड्यातल्या तंतुकणिकांचा डीएनए पूर्ण वाचला. सुताराच्या डीएनएशी तो अक्षरन् अक्षर जुळला. अ‍ॅनच्याच वंशातली, पण वेगळ्या फांदीवरची आणखी एक बाई सापडली, तिच्या डीएनएत 16,569 पैकी एका अक्षराचा फरक. पाचशेहून अधिक वर्षं, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या लेकी-नातींच्या हातून हातात, आणि चूक एका अक्षराची! पोथ्या नकलणारे आपले लेखकू यापुढे लाजले असते.

गंमत पुढेच आहे. राजघराण्याची पुरुषांची वंशावळ तर सरदारांच्या दफ्तरात चोख लिहिलेली. रिचर्डचा खापरपणजोबा तिसरा एडवर्ड. त्याच्याच आणखी एका मुलाच्या शाखेतले, पाचव्या ड्यूक ऑफ बोफर्टचे आज हयात असलेले पाच वंशज तपासले. एकाचंही 'वाय' रिचर्डशी जुळलं नाही. शिवाय त्या पाचातला एक उरलेल्या चौघांशीही जुळेना. म्हणजे कागदावरची बापांची साखळी निदान दोन ठिकाणी तुटलेली. नेमकी कुठे, हे त्यावरून सांगता येत नाही. सगळं 2014 मध्ये प्रसिद्ध झालं आणि वर्तमानपत्रांनी अर्थातच तुटलेल्या साखळीची बातमी मोठी केली. त्या सुतारानं पुढे रिचर्डची शवपेटी स्वतःच्या हातानं बनवली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

या दोन कोपऱ्यांखेरीजचा बाकी सगळा डीएनए दर पिढीला पिसला जातो, पत्त्यांसारखा. आईबापांकडून अर्धा-अर्धा मिळतो हे खरं, पण चार आजी-आजोबांकडून नेमका पाव-पाव येत नाही, कुणाचा थोडा जास्त, कुणाचा कमी. दहा पिढ्या मागे गेलात तर 1,024 पूर्वजांच्या जागा भरायच्या असतात, आणि त्या पिढीपासून तुमच्यापर्यंत पोहोचलेले तुकडे असतात साधारण साडेसहाशे. हिशेब सरळ आहे: शिवकाळाच्या आसपास होऊन गेलेल्या तुमच्या कित्येक सख्ख्या पूर्वजांचं एक अक्षरही तुमच्यात नाही. वहीत आहेत, पिंडदानात आहेत, रक्तात नाहीत. त्यामुळे एखाद्या नामवंत पूर्वजाचं रक्त आपल्यात खेळतं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मला आता हसू येतं.

'तुम्ही इतके टक्के अमुक प्रदेशाचे' या रंगीत चकत्यांवर मी फारशी भिस्त ठेवणार नाही. चाचणी करणारे बहुतेक लोक अमेरिका-युरोपातले, त्यामुळे कोकण-विदर्भातल्या माणसाला तिथं नातेवाईक थोडे सापडतात आणि प्रदेशाचे अंदाजही ढोबळ निघतात. पण एखाद्या समाजाकडे वह्याच नसतील, नुसती एक कथा असेल, तर?

बेने इस्रायल हा कोकणातला असाच ज्यू समाज. आडनावं पेणकर, रोहेकर, केहीमकर, धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक म्हणत 'शनवार तेली'. त्यांची कथा अशी, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वारसा भरपूर दाखवला, हा मेळ सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा असल्याचं मांडलं, आणि परदेशी वाटा मुख्यतः पुरुषांकडून, इथला मुख्यतः बायकांकडून आल्याचंही. त्याआधी 2008 मध्ये तपासलेल्या तंतुकणिकांत सुमारे चाळीस टक्के लोक एकाच आईच्या वाटेवरचे निघाले होते, आणि ती आई इथलीच होती. ज्यू धर्मशास्त्र वंश आईकडून मोजतं, म्हणून हे आकडे वाद घालायला वापरता येतील. कृपा करून कुणी वापरू नयेत. इस्रायलमध्ये बेने इस्रायलांना पूर्ण ज्यू मानायचं की नाही हा वाद 1964 मध्ये तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं मिटवला, तेही कुणाची थुंकी न मागता. तिथं गेलेल्या या मंडळींनी मराठी नियतकालिक काढलं, त्याचं नाव 'मायबोली'.

नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आहे. जहाजातून वाहून आलेले मृतदेह तिथं दोन उंचवट्यांखाली पुरले, पुरुष एकाखाली आणि बायका दुसऱ्याखाली, असं सांगतात. चाळीस टक्क्यांची ती आई या दुसऱ्या उंचवट्याशी नात्यानं बांधलेली नसावी. जहाज फुटलं तेव्हा तिच्या आईची आई बहुधा किनाऱ्यावरच होती.