हातातली नोकरी आणि वाटेवरची नोकरी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गुरुजनहो आणि पालकहो,

आपल्या भागात रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभ इथे कारखाने आहेत. आयटीआय किंवा पदवी झालेल्या मुलामुलींना तिथे काम मिळते. पण मन असते दुसरीकडे. दौंड पडले जंक्शनचे गाव. तिथल्या पोरांना रेल्वेची ओढ. कुणाला तलाठी व्हायचे असते, कुणाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. परीक्षा दिलेली असते, निकाल यायचा असतो, आणि मध्येच कारखान्याचे पत्र येते : सोमवारी रुजू व्हा. मग मुलगा विचारतो, "गुरुजी, काय करू?"

'हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' असे आपण चटकन सांगून मोकळे होतो. म्हण खोटी नाही, पण एवढ्याने काम भागत नाही. दोन्हीकडचे दिवस मोजून पाहावे लागतात.

पहिली गोष्ट, वाट किती पाहावी लागेल? रेल्वेच्या ग्रुप डी भरतीची जाहिरात २०१९ साली निघाली. मध्ये करोनाची साथ आली, आणि परीक्षा झाली २०२२ च्या ऑगस्टपासून पुढे. याउलट तलाठी भरतीची जाहिरात जून २०२३ मध्ये निघाली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवड याद्या लागल्या. एकीकडे तीन वर्षांहून अधिक, दुसरीकडे सात महिने! तेव्हा तारीख ठरलेली नसेल, तर नुसते घरी बसून राहू नये. मिळाले ते काम धरावे आणि अभ्यास चालू ठेवावा. मात्र कागदपत्रांच्या तपासणीचे बोलावणे आठ-दहा दिवसांवर आले असेल, तर कारखान्याला लेखी विचारावे : "मला अमुक तारखेपर्यंत मुदत मिळेल का?" तारीख घालून मागितलेली मुदत पुष्कळदा मिळते, 'नंतर कळवतो' म्हणणाऱ्याची जागा दुसऱ्याला जाते.

दुसरी गोष्ट, सही करण्यापूर्वी पत्र पुरते वाचावे. नेमणूक कंपनीची आहे की ठेकेदाराची? नोकरी सोडताना किती दिवसांची नोटीस द्यायची? तेवढ्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटता येते का? अमुक वर्षे राहण्याचा करार आहे का? शिकाऊ उमेदवारी असेल, तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे करार होतो; तो मध्येच मोडला तर पैसे भरण्याची पाळी येऊ शकते. आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवायला देऊ नयेत. दाखवावीत, नकला द्याव्यात, मूळ घरी आणावीत. उद्या तपासणीला तीच लागणार आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यादीत नाव आले म्हणजे नोकरी लागली, असे नव्हे. निवड यादीत नाव आल्याने नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ साली सांगितले आहे. म्हणून यादी पाहून पेढे वाटा, पण राजीनामा देऊ नका. नेमणुकीचा आदेश हातात पडू द्या, त्यावरची रुजू होण्याची तारीख पाहा.

इथे पुन्हा दिवसांचा हिशेब येतो. समजा, आदेशात पंधरा दिवसांत हजर व्हा असे आहे आणि कारखान्याची नोटीस तीस दिवसांची आहे. मग त्याच दिवशी दोन अर्ज लिहावेत : एक कारखान्याला, लवकर मोकळे करण्याविषयी, दुसरा सरकारी कचेरीला, मुदतवाढीविषयी. दोन्हींची पोच घ्यावी. न सांगता कामावर जायचे बंद करू नये. काममुक्तीचे पत्र पुढे मागितले जाऊ शकते, आणि त्याच गावचा दुसरा मुलगा उद्या त्याच फाटकावर उभा राहणार असतो.

आता कुणी म्हणेल, मनात दुसरी नोकरी असताना ही धरणे हा खोटेपणा नाही का? नाही. नियमाप्रमाणे नोटीस देऊन नोकरी सोडता येते. खोटेपणा होतो तो 'पाच वर्षे कुठे जाणार नाही' असे विचारल्यावर वचन देण्यात. तसे वचन देऊ नये. "आहे तोवर काम नीट करीन, जाताना रीतसर सांगून जाईन," एवढे म्हणावे आणि तसे वागावे.

गुरुजी, पुढच्या वेळी कुणी पत्र घेऊन आला, तर आधी ते त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. नोटिशीचे दिवस आणि रुजू होण्याची तारीख यांखाली पेन्सिलीने रेघ ओढायला सांगा. निम्मी अडचण तिथेच सुटेल.