रंकाळ्याकाठचे जलरंग

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांत तोच परिसर पुन्हा पुन्हा भेटतो. रंकाळा तलाव आणि त्यातला दगडी संध्यामठ, कोटितीर्थ तलाव, पंचगंगेचा काठ. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि १८८८ साली त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. एवढ्या मानानंतर मुंबईत सहज जम बसला असता, पण ते गावी परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. आबालाल जलरंगांत आणि तैलरंगांतही काम करीत. मात्र पाण्याकाठचा ओला उजेड दाखवायला जलरंगाइतके सोयीचे माध्यम नाही.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. उन्हाची तिरीप, पाण्यावरची चकाकी, बैलाच्या पाठीवरचा उजेड दाखवायचा, तर तेवढा कागद कोरा ठेवावा लागतो. म्हणून कुठे रंग लावायचा नाही, हे आधीच ठरवावे लागते. बहुतेक चित्रकार फिक्याकडून गडदाकडे जातात. आधी आकाशाचा पातळ हात, तो ओला असतानाच ढगांच्या कडा विरघळू द्यायच्या. मग दूरच्या टेकड्या, आणि कागद वाळल्यावर जवळची झाडे, माणसे, गुरे. एकदा लावलेला गडद रंग पुसून पुन्हा पहिल्यासारखा उजेड मिळत नाही. उन्हाळ्यात कागद भराभर वाळतो, तेव्हा तर हात फारच चपळ हवा.

आबालाल यांची खरी ताकद रंगाच्या लहान लहान ठिपक्यांत आणि फटकाऱ्यांत आहे. जवळून पाहिले तर तुटक डाग दिसतात. चार पावले मागे सरकले की त्यांचेच झाड होते, पाणी होते. युरोपातील दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांशी त्यांची तुलना होते ती यामुळे. पण ही दृष्टी आबालाल यांना मिळाली ती रोजच्या निरीक्षणातून. संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात बुडतो आणि पाणी ओसरले की उघडा पडतो. अशी जागा एकदा पाहून कळत नाही.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला पाण्याकाठचा हा ओला उजेड ओळखीचा वाटेल. भाईंदरच्या मिठागरांत उथळ पाण्यावर आभाळ उतरते, तेव्हा क्षितिजाची रेघ पुसट होते आणि बांध तेवढे गडद उरतात. जलरंगाला हवे ते सगळे तिथे आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील हाही तितकाच चांगला विषय. मिठागरांना लागून इमारती उभ्या राहत असताना ही दृश्ये कागदावर यायलाच हवीत.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची उरलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येतात.