कासा बेरार्दीचा मोर्चा : कॅप्टन पॉल त्रिके

(लेखांक सहावा)

मागील लेखांकात कॅनडातील एप्रिल १९४२ च्या सार्वमताचा विचार झाला. सक्तीने भरती केलेल्या सैनिकांना समुद्रापार पाठवणार नाही, या वचनातून सरकारला मोकळे करावे काय, असा प्रश्न मतदारांपुढे होता आणि फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताने बहुमताने नकार दिला होता. या कौलावरून फ्रेंच कॅनेडियन समाज लढायला कचरतो, असा समज इतर प्रांतांत बळावला. परंतु सक्तीला विरोध करणे आणि रणांगण टाळणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यानंतर दोन वर्षांच्या आतच इटलीत दिसून आले.

पॉल त्रिके यांचा जन्म २ एप्रिल १९१० रोजी क्वेबेकमधील कबानो या गावी झाला. १९२७ मध्ये ते साधे शिपाई म्हणून रॉयल २२व्या रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि एकेक पायरी चढत अधिकारी झाले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, उभारलेल्या या पलटणीचे वैशिष्ट्य असे की तिचे सैनिक फ्रेंचभाषक होते आणि त्यांना आपल्याच भाषेत हुकूम मिळत.

डिसेंबर १९४३ मध्ये ब्रिटिशांचे आठवे सैन्य इटलीच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत होते. मोरो नदी ओलांडल्यानंतर पहिली कॅनेडियन डिव्हिजन ओर्तोना या बंदराच्या अलीकडे एका खोल घळीपाशी अडली, कारण घळीच्या उतारांत दडून बसलेल्या जर्मन सैनिकांवर तोफखान्याचा मारा फारसा परिणाम करीत नव्हता आणि पावसाने झालेल्या चिखलात समोरून केलेले हल्ले फसत होते. तेव्हा घळीला वळसा घालून पश्चिमेकडून ओर्तोनाला जाणाऱ्या रस्त्यावर चढावे आणि त्या रस्त्याजवळचा कासा बेरार्दी हा शेतवाडा घ्यावा, असे ठरले. तो हाती आल्यावाचून ओर्तोनाचा मार्ग मोकळा होणार नव्हता.

१४ डिसेंबरला हे काम ज्या कंपन्यांकडे आले, त्यांपैकी एकीचे नेतृत्व त्रिके करीत होते. कंपनी म्हणजे बटालियनचा एक भाग. कागदोपत्री तिच्यात शंभराहून अधिक सैनिक असतात, प्रत्यक्ष लढाईत त्याहून कमी. ऑन्टॅरिओ रेजिमेंटचे रणगाडे त्यांच्या मदतीला होते. मशीनगन आणि उखळी तोफांच्या माऱ्यात कंपनीचे इतर सर्व अधिकारी आणि निम्मे सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. त्या वेळी त्रिके यांनी उरलेल्यांना असे सांगितले की, शत्रू समोर आहे, पाठीमागे आहे आणि दोन्ही बाजूंनाही आहे, तेव्हा सुरक्षित अशी जागा एकच, ती म्हणजे आपले लक्ष्य. असे म्हणून ते स्वतः पुढे धावले आणि शत्रूची फळी फुटली. या झुंजीत शत्रूचे चार रणगाडे निकामी झाले.

त्या बोलण्यात आवेश आहेच, पण त्याहून महत्त्वाचा आहे तो हिशेब. माघार घेतली तर उघड्या उतारावर पुन्हा तोच मारा सोसावा लागणार होता आणि थांबले तर शत्रूला नेम साधायला सवड मिळणार होती. पुढे जाण्यातच जगण्याची थोडीफार शक्यता होती. घाबरलेल्या माणसांना ही गोष्ट दोन वाक्यांत पटवणे, हे त्या दिवशीचे खरे सेनापतित्व होते.

वाड्यापाशी पोहोचेपर्यंत कंपनीत दोन सार्जंट आणि १५ शिपाई उरले. त्यांना शिल्लक रणगाड्यांभोवती मांडून त्रिके यांनी संरक्षणाचे कडे उभारले, शत्रूला एक पाऊलही पुढे येऊ द्यायचे नाही असा निर्धार सर्वांपर्यंत पोहोचवला आणि दुसऱ्या दिवशी बाकीची बटालियन येईपर्यंत प्रतिहल्ले परतवले. पायदळ आणि रणगाडे यांनी एकमेकांची साथ सोडली नाही, म्हणूनच हे साधले. पुढे २८ डिसेंबरला ओर्तोना पडले.

मार्च १९४४ मध्ये त्रिके यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १८५६ मध्ये सुरू झालेले हे पदक म्हणजे शत्रूसमोरील शौर्यासाठीचा ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च सन्मान. १९११ पासून भारतीय सैनिकही त्यास पात्र ठरले. १९८० मध्ये त्रिके यांचे निधन झाले. त्यांचा पराक्रम हा एकट्याचा नव्हता, घळीत पडलेल्या त्यांच्या सैनिकांचाही होता. क्वेबेकवरील भ्याडपणाच्या आरोपाला त्याहून सबळ उत्तर असू शकत नाही.

याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीही लढत होती. जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या खोऱ्यात प्राणार्पण करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे यांच्या कामगिरीचा विचार पुढील लेखांकात होईल.