धाप एकाची, काळजी घराची

"डॉक्टर, पंप वेळेवर देते, तरी आईंची धाप कमी होत नाही," सुनेची तक्रार. मी सासूबाईंना पंप ओढून दाखवायला सांगितले. औषध छातीत न जाता तोंडातच राहत होते.

या बाईंनी कधी विडी ओढली नाही. चाळीस वर्षे चुलीचा धूर मात्र घेतला. त्यातून झालेला सीओपीडी पूर्ण बरा होत नाही, पण घरच्यांनी ठरवले तर त्रास बराच कमी होतो.

पंप स्पेसर लावूनच द्या. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा. धाप लागली की आडवे झोपवू नका. पुढे झुकवून बसवा आणि शीळ घातल्यासारखे ओठ करून श्वास हळूहळू सोडायला सांगा. घरात उदबत्ती, धूप नको. झेपतील ती कामे करू द्या. बसून राहिल्याने स्नायू खंगतात, धाप वाढते.

घरी ऑक्सिजन असेल तर मनाने वाढवू नका. या रुग्णांना बहुधा ८८ ते ९२ टक्के पातळी पुरते. जास्त दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. बेडका वाढला, हिरवा-पिवळा झाला, तर डॉक्टरांना दाखवा. वाक्य पुरे होईना किंवा गुंगी आली, तर तडक रुग्णालय गाठा.

निघताना सून हळूच म्हणाली, "रात्रभर त्यांचा श्वास ऐकत जागी असते." जागरणाची पाळी वाटून घेणे हाही उपचारच. पुढच्या वेळी मुलालाही सोबत बोलावले आहे.