बीचचं झाड, हाडांतला डीएनए आणि एक नट

स्लाव भाषा मुळात कुठल्या, हा वाद डीएनएने मिटवला असं सध्या बऱ्याच जणांना वाटतंय. निमित्त आहे सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधाचं. ५५५ प्राचीन माणसांचे जीनोम तपासल्यावर दिसलं, की सहाव्या ते आठव्या शतकांत पूर्वेकडून माणसांचे लोंढे आले आणि आजच्या पूर्व जर्मनी, पोलंड व क्रोएशियात स्थानिक जनुकसंचाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बदलून गेला. या लोकांचं मूळ ठिकाण दक्षिण बेलारूस ते उत्तर युक्रेन या पट्ट्यात असावं.

काम भक्कम आहे. पण हा पट्टा एका माणसाने १९०८ मध्येच दाखवला होता, त्याचं नाव कोण घेणार? युझेफ रोस्ताफिन्स्की हे क्राकूवचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांनी सडक्या लाकडांवरच्या स्लाइम मोल्डवर मोठा ग्रंथ लिहिला (आवड एकेकाची!), मग ते झाडांच्या नावांकडे वळले. हॉर्नबीम या झाडाला स्लाव भाषांमध्ये स्वतःचा शब्द आहे, बीचला मात्र नाही. ‘बुक’ हा शब्द जर्मन कुळातून उसना घेतलेला. बीच वाढतो तो साधारण कॅलिनिनग्राड ते ओदेसा या रेषेच्या पश्चिमेला. म्हणजे मूळ स्लाव राहत होते या रेषेच्या पूर्वेला, प्रिप्यात नदीच्या दलदलीत, असं त्यांनी मांडलं.

युक्तिवाद देखणा आहे आणि ठिसूळही. बटाटा आणि काजू पोर्तुगिजांबरोबर आले आणि नावंही घेऊन आले, इथवर रोस्ताफिन्स्कींचं म्हणणं पटतं. पण ‘दरवाजा’ फारसी आहे म्हणून त्याआधी मराठी माणसाच्या घराला दार नव्हतं, असं कोण म्हणेल? शिवाय हवामान बदलतं तशी जंगलांची सीमाही सरकते. रोस्ताफिन्स्कींचं उत्तर बरोबर निघालं, म्हणून त्यांची रीत बरोबर ठरत नाही.

डीएनएचीही अडचण आहे. स्लाव भाषेतलं लेखन सुरू झालं नवव्या शतकात, म्हणजे त्या लोंढ्यांतल्या कुणाचीही स्वतःच्या भाषेतली एक ओळसुद्धा आपल्याकडे नाही. भाषेचं वय काढायचं तर पुन्हा शब्दांकडेच जावं लागतं. माझा लाडका पुरावा म्हणजे ‘राजा’ या अर्थाचा शब्द: रशियन ‘कोरोल’, पोलिश ‘क्रुल’, चेक ‘क्राल’. बहुतेक अभ्यासकांच्या मते तिन्हींच्या मुळाशी आहे सम्राट शार्लमेनचं ‘कार्ल’ हे नाव, आणि शार्लमेन वारला ८१४ मध्ये. त्याच्या नावातला स्वर आणि ‘र’ प्रत्येक भाषेत तिच्या तिच्या नियमाने फिरले. याचा अर्थ, ८०० च्या सुमाराला हे फाटे अजून पक्के झाले नव्हते. कुठल्याही हाडातून एवढं नेमकं कळलं नसतं!

माणसं आली तशी बहुधा भाषाही आली, हे मान्य. ८० टक्के लोकसंख्या बदलल्यावर दुसरं काय होणार? पण एकेका माणसाच्या बाबतीत हा हिशेब साफ कोसळतो. व्होलोदिमिर झेलेन्स्कींचंच पाहा. जन्म १९७८ चा, क्रिवी रिह या पोलादनगरीत, ज्यू कुटुंबात. घरची भाषा रशियन. ‘क्वार्ताल ९५’ या विनोदी मंडळीतून ते नावारूपाला आले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘जनतेचा सेवक’ या मालिकेत, अचानक राष्ट्राध्यक्ष झालेला इतिहासाचा शिक्षक त्यांनी रंगवला, तोही मुख्यतः रशियन बोलणारा. २०१९ मध्ये ७३ टक्के मतं मिळवून ते खरोखरचे राष्ट्राध्यक्ष झाले. आता देशाला उद्देशून त्यांची भाषणं युक्रेनीत असतात.

त्यांचा डीएनए तपासला तर प्रयोगशाळा बोट दाखवील ज्यू पूर्वजांकडे, आणि तिथल्या ज्यूंची जुनी बोली म्हणजे यिडिश, जर्मन कुळातली. रशियन किंवा युक्रेनीचा मागमूसही त्या अहवालात नसेल. आणि राष्ट्राध्यक्ष होण्याच्या पाच वर्षं आधी, २०१४ च्या ‘पॅडिंग्टन’ चित्रपटात पेरू देशातून आलेल्या अस्वलाला युक्रेनी बोलायला लावलं, तेही याच नटाने.