भावानं भरलेली फी

ओळखीतल्या एका मुलीला न्यायालयाने पोटगी मंजूर केली: दोन पोरांचे मिळून महिना सहा हजार. हा आकडा आला कुठून, ते तिलाही सांगता येईना. म्हणून शिवाजीनगरला एका वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन बसले.

त्याआधी कोर्टाच्या व्हरांड्यात एकच आकडा ऐकला होता, पंचवीस टक्के. पक्षकार तेच म्हणतात, सोबत आलेले मामा-काका तेच म्हणतात. बाई वैतागतात. २०१७ साली कल्याण डे चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी रास्त ठरेल असं म्हटलं, आणि व्हरांड्याने तेवढंच उचललं. त्याच निकालात नवऱ्याचा दुसरा संसार पाहून २३ हजारांचे २० हजार केले गेले, तेही पत्नी आणि मुलगा दोघांचे मिळून. मुलाच्या पोटगीचा ठरलेला टक्का कायद्यात नाही.

आहे ते प्रतिज्ञापत्र. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' खटल्याच्या २०२० च्या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च असं सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. पगारदार बापाचं काम सोपं, पगाराची स्लिप लावली की झालं. समोर बसलेल्या बाईच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. दावा लागला आणि ते सासूच्या नावावर गेलं. आता त्याचं उत्पन्न महिना बारा हजार, गाडीचा हप्ता मात्र अकरा हजार. उरलेल्या हजारात हा माणूस जेवतो कसा, असं वकीलबाईंनी समासात लाल पेनाने लिहिलं.

मग आईच्या खर्चाचा रकाना आला.

"शाळेची फी?"

"ती भाऊ भरतो."

"किती?"

"ती कशाला लिहायची? माझा खर्च नाही तो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, भावानं भरली म्हणून पोराची फी माफ झाली का?"

दूध आजीकडून, कपडे मावशीकडून. मुलाचा चष्मा बदलायचा राहिलेला, त्यामुळे त्याचाही खर्च शून्य. तिने घरून लिहून आणलेली बेरीज नऊ हजारांची होती. उठेपर्यंत ती सतरावर गेली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

मला त्या सतरापेक्षा आधीचे नऊच छळत राहिले. लेकराची गरज मोजायला काढलेल्या या कागदावर बहुतेक वेळा आईची ओढाताणच मोजली जाते. जी जास्त काटकसर करते, तिच्या मुलाचा आकडा लहान. सगळेच बाप चोरटे नसतात, हे खरं. पण उत्पन्न लपवणाऱ्याला निदान आपण काय लपवतोय ते ठाऊक असतं. खर्च गिळून टाकणाऱ्या आईला तेही कळत नाही, आणि न्यायाधीशांपुढे जातो तो कागद.

२०२० च्या त्याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली आहे: हुकूम केव्हाही निघो, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. तेव्हा अर्ज लांबवू नका. आणि मुलाच्या खर्चाची पावती मामाच्या नावाची असो की आजीच्या, फाडून टाकू नका.